नाव, कुलूप आणि खेळ

गेल्या उत्तरायणाला बडोद्याच्या आमच्या घरातील सगळी मंडळी गच्चीवर असताना धाकटा नातू मात्र माळा धुंडाळत बसला होता. तासाभराने तो धुळीने माखलेली एक पेटी घेऊन खाली आला. पेटीत त्याच्या वडिलांच्या लहानपणचे व्हिडिओ गेमचे यंत्र होते. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायची अशी यंत्रे सर्रास आली. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या, आणि त्यांत बसवायच्या डबीला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. नातवाने खिशातून एक नवी कॅसेट काढून यंत्रात बसवली. पडद्यावर निळे आकाश आणि दोन पतंग दिसू लागले. एक बटण दाबले की ढील, दुसरे दाबले की खेच. “आजोबा, हा खेळ मी लिहिलाय,” तो म्हणाला.

‘लिहिलाय’ या क्रियापदाने आमचे लक्ष वेधले. खेळ विकत आणतात, खेळतात, फार तर तयार करतात, हे आम्हांस ठाऊक होते. कंपनीने केवळ खेळण्यासाठी विकलेल्या यंत्रावर एखाद्या मुलाने आपले काही लिहावे, हे नवीन होते. या लेखनाला ‘होमब्रू’ असे नाव आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा परवाना वा तिची अधिकृत साधने न घेता, यंत्राच्या मालकाने किंवा हौशी जाणकाराने त्या यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली, असा त्याचा अर्थ. विकाऊ खेळांच्या चोरट्या प्रती काढणे हा निराळा उद्योग आहे, जरी दोहोंची वाट पुष्कळदा एकाच दारातून जात असली तरी. त्यानंतरचे काही महिने आम्ही या लेखनाचा माग काढण्यात घालवले. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. परंतु लिहिण्याचा अधिकार कोणाचा, लिहिलेल्यावर नाव कोणाचे आणि लिहिलेल्याची पारख कशी करायची, हे तिन्ही प्रश्न येथे उभे आहेत, आणि ते आपल्या घरचे आहेत.

नावाच्या प्रश्नापासून आरंभ करणे योग्य, कारण या क्षेत्राचा आरंभही तेथेच आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीचे, पुढे ‘अटारी २६००’ म्हणून ओळखले गेलेले यंत्र १९७७ साली बाजारात आले. त्यासाठी लिहिणाऱ्यांची नावे कंपनी खेळांवर छापत नसे. वॉरेन रॉबिनेट या लेखकाने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या आपल्या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात स्वतःचे नाव लिहून ठेवले. नोकरी सोडून गेल्यावर ते एका खेळाडूला सापडले. अटारीतील आणखी काही लेखक श्रेय आणि मोबदला यांवरून बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीच्या यंत्राला कुलूप नव्हते. कोणीही कॅसेट बनवून त्यात घालावी. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे लिहिण्याचा मार्ग यांनी दाखवला, आणि आपल्या खेळांवर लेखकाचे नाव ठळकपणे छापले.

कुलूप पुढे आले. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्रात ते नव्हते. परंतु १९८५ साली तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत नेताना कंपनीने त्यात एक चिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये असे. दोघींचे सांकेतिक संभाषण जुळले तरच खेळ चाले. टेंजेन या नावाने खेळ विकणाऱ्या अटारी गेम्स कंपनीने या कुलपाची किल्ली बनवली. पण तिच्या वतीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात खोटे निवेदन देऊन निन्टेन्डोचा मजकूर मिळवण्यात आल्याचे उघड झाले, आणि १९९२ साली अपील न्यायालयाचा निर्णय तिच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात अ‍ॅकोलेड कंपनीने सेगाच्या यंत्राची उलट्या क्रमाने उकल करून, ते कसे चालते हे स्वतः शोधून काढले, हे न्यायालयाने मान्य केले. समजून घेण्यासाठी उकलणे आणि दुसऱ्याचा मजकूर लबाडीने उचलणे यांत न्यायालयांनी केलेला हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची गरज लेखाच्या उत्तरार्धात पडेल.

आपल्या घरांत आलेल्या नकली यंत्रांची गोष्ट येथे मौजेची आहे. ती कुलूप नसलेल्या फॅमिकॉमची नक्कल असल्यामुळे त्यांचे दार सताड उघडे होते. तरीही आमच्या चिरंजिवांनी, किंवा त्यांच्या गल्लीतील डझनभर मुलांनी, त्यावर एक ओळ लिहिली नाही. लिहिता येते हेच कोणाला ठाऊक नव्हते. माहितीपत्र नव्हते, साधने नव्हती, घरात संगणक नव्हता. नातवाला तीस वर्षांनी लिहिता आले, कारण दरम्यानच्या काळात परदेशांतील हौशी मंडळींनी त्या यंत्राचा कानाकोपरा तपासून त्याचे व्याकरण लिहून काढले, आणि त्यावर चालणारी साधने विनामूल्य खुली केली. कुलूप काढले की लेखन आपोआप फुलते, अशी या क्षेत्रातील अनेकांची श्रद्धा आहे. आमच्या माळ्यावरचे यंत्र तिच्या विरुद्ध साक्ष देते.

कंपन्यांनी स्वतःहून दार उघडल्याचीही उदाहरणे आहेत. सोनीने १९९६ साली जपानात, व पुढल्या वर्षी युरोप-अमेरिकेत, ‘नेट यारोझे’ नावाचे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन हौशी लेखकांसाठी विकले. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ७५० डॉलर होती आणि त्यावर लिहिलेले खेळ सामान्य प्लेस्टेशनवर थेट चालत नसत. तरी नियतकालिकांबरोबर मिळणाऱ्या तबकड्यांतून त्यांतले काही खेळ घराघरांत पोहोचले. याच कंपनीने २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची सोय ठेवली होती. २०१०च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने त्या सोयीच्या आधारे यंत्राच्या अंतर्भागात शिरकाव केल्याचे जाहीर केले, आणि सुरक्षेचे कारण देऊन कंपनीने १ एप्रिल २०१० रोजी ती सोय काढून घेतली. जाहिरात करून विकलेली वस्तू अशी अर्धी परत घेतली गेली. त्याच डिसेंबरात बर्लिनमधील एका परिषदेत काही जाणकारांनी दाखवून दिले की, सोनीच्या अंकीय स्वाक्षरीत दर वेळी नवी असावी अशी संख्या प्रत्यक्षात एकच होती. त्यामुळे कंपनीची गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. हॉट्झने २०११च्या आरंभी मूळ किल्ली प्रसिद्ध केली, सोनीने दावा लावला, आणि काही महिन्यांत तडजोड झाली.

अशा कथा रंगतदार असतात, आणि होमब्रूविषयी जे काही लिहिले जाते त्यातला मोठा भाग त्यांनीच व्यापलेला आहे. निन्टेन्डोच्या वी या यंत्राची २००८ सालची कथा तर चातुर्यकथाच म्हणावी. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळात नायकाच्या घोड्याला खेळाडूने नाव द्यायचे असते. ते किती लांब असावे याची तपासणी जतन केलेला खेळ पुन्हा उघडताना होत नसे. जाणकारांनी जतन-नोंदीत इतके लांब नाव घातले की ते आपली जागा ओलांडून यंत्राच्या आज्ञांच्या जागेत शिरले, आणि यंत्र घोड्याचे नाव आज्ञा म्हणून पाळू लागले. त्याच वाटेने ‘होमब्रू चॅनल’ यंत्रात बसवता आले आणि कोणाचीही आज्ञावली चालवण्याची सोय झाली.

चातुर्याला आमची दाद आहे. परंतु समीक्षकाचा पुढचा प्रश्न असा की, दार उघडल्यावर आत काय लिहिले गेले? उत्तर फारसे सुखावह नाही. नव्या यंत्रांवरील होमब्रूची यादी चाळली तर जुन्या यंत्रांचे सोंग घेऊन जुनेच खेळ चालवणाऱ्या आज्ञावली आणि इतर सोयीची साधने यांचा भरणा दिसतो. मुद्दाम त्या यंत्रासाठी कल्पिलेली स्वतंत्र कृती विरळ. सन्माननीय अपवाद आहेत. पहिल्या एक्सबॉक्सवर २००२ च्या सुमारास सुरू झालेले माध्यमवादक पुढे इतके वाढले की मूळ यंत्र मागे पडले, आणि २०१४ सालापासून ते ‘कोडी’ या नावाने जगभर वापरले जाते. पण सामान्यतः ‘चालले’ यालाच येथे ‘साधले’ म्हणतात. संगीत नाटकाच्या प्रयोगात पडदा वर गेला एवढ्यावरच टाळ्या वाजवून प्रेक्षक घरी निघून गेले, तर आपण त्यांना रसिक म्हणणार नाही.

दुसरे असे की, या दारातून चोरही शिरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. निन्टेन्डो स्विच या यंत्रातील चिपमध्ये कायमचा कोरलेला एक दोष २०१८च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला. विकल्या गेलेल्या यंत्रांत तो दुरुस्त करणे अशक्य होते. हौशी लेखकांना त्याचा लाभ झाला, तसाच चोरटे खेळ चालवण्याची साधने विकणाऱ्या टोळीलाही. तिच्यातील एकाला अमेरिकेत २०२२ साली ४० महिन्यांची कैद झाली. कायद्याचा कल याच भीतीने ठरलेला आहे. अमेरिकेचा १९९८ सालचा कायदा अंकीय कुलूप तोडण्याच्या कृतीलाच बंदी घालतो. भ्रमणध्वनीसाठी २०१० साली सवलत मिळाली, पण खेळयंत्रांसाठीची मागणी २०१२ साली फेटाळली गेली. आपल्याकडे त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. ते मात्र हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणाऱ्याला दंडनीय ठरवते. उद्देशाला असे महत्त्व देणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते. कंपन्यांची भाषा दरम्यान कठोर होत गेली आहे. अमेरिकेतील ग्राहकांसाठीच्या निन्टेन्डोच्या करारात २०२५च्या मे महिन्यापासून, अनधिकृत फेरफार केल्यास यंत्र कायमचे निरुपयोगी करण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे राखून ठेवली आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे मालक आपण कितपत उरतो, हा प्रश्न या वाक्याने उघडा पाडला आहे.

नव्या यंत्रांवर ही अवस्था असताना जुन्या यंत्रांवर मात्र होमब्रू बहरला आहे, आणि खरी वाचनीय कृती तेथे सापडते. जर्मनीतील मॉर्फकॅट गेम्स या छोट्या मंडळीचा ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९ सालचा खेळ घ्यावा. तो आमच्या माळ्यावरच्या यंत्राच्या मूळ जातीसाठी लिहिलेला आहे. एकूण जागा ४० किलोबाइट. आमचा हा लेख संगणकात साठवायला जवळपास तेवढीच जागा लागते. एवढ्यात चार जादूगार एकाच वेळी मनोरा चढतात, राक्षसांशी लढतात, संगीत वाजते. या यंत्रावर चित्रे ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटींनी बनतात आणि एका आडव्या रेषेत अशा ८ पेक्षा अधिक हलत्या चौकटी दिसत नाहीत. नेहमीप्रमाणे चार चौकटींचे पात्र केले असते, तर चार खेळाडूंनीच ही मर्यादा गाठली असती आणि शत्रूंना जागा उरली नसती. म्हणून लेखकांनी प्रत्येक जादूगार एकाच चौकटीत बसवला. मोठे राक्षस अर्धेच रेखाटले आणि उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटवून घेतला. मनोऱ्याचे मजलेही तसेच डावी-उजवीकडे सारखे आहेत. जागेची अडचण अशी दृश्याचा घाट ठरवते, आणि खेळणाऱ्याला ती अडचण न जाणवता मनोऱ्याची भव्य समरूपता तेवढी जाणवते. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला गणांच्या बंधनातून कधी कधी असा शब्द सुचतो, जो मुक्तपणे लिहिताना सुचला नसता. तसाच हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण संगीताचे. १९८९ सालचे गेम बॉय हे हातात मावणारे यंत्र खेळण्यासाठी होते. जर्मनीच्या ऑलिव्हर विट्शो यांनी १९९८ साली ‘नॅनोलूप’ आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी २००० साली ‘लिटल साउंड डीजे’ या आज्ञावली लिहून त्याचे वाद्य केले. त्या यंत्रात केवळ चार ध्वनिमार्ग आहेत. तेवढ्यावर जगभर मैफली झाल्या आणि ध्वनिमुद्रिका निघाल्या. यंत्रात जे होते, पण त्याच्या जनकांना दिसले नव्हते, ते या दोघांनी दाखवले. होमब्रूची याहून मोठी सार्थकता आम्हांस सुचत नाही. पुढे २०१९ साली आलेल्या ‘जीबी स्टुडिओ’ या साधनामुळे आज्ञालेखन न येणारी माणसेही याच यंत्रासाठी कथात्मक खेळ रचू लागली.

या बहरातही दोष आहेत. पहिला दोष अनुकरणाचा. गाजलेल्या नव्या खेळाचे जुन्या यंत्रावर लघुरूप करण्याची प्रथा फार आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी अधिकारी असलेल्या एड फ्राइज यांनी २०१० साली ‘हेलो’ हा प्रचंड खेळ अटारी २६०० साठी ४ किलोबाइटमध्ये उतरवला; कामचलाऊ स्मृती म्हणून या यंत्रात अवघे १२८ बाइट असतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने २०१३ साली तो संग्रहात घेतला. रूपांतर म्हणून त्याचा मान उचितच. पण दहा रूपांतरांमागे एखादी स्वतंत्र संहिता निघावी, अशी अवस्था हौशी रंगभूमीवर आली की आपण जाणते लोक चिंता करू लागतो. तीच चिंता येथेही करावी. दुसरा दोष स्मरणरंजनाचा. बालपणीच्या यंत्रावर नवी कॅसेट आणि नक्षीदार खोके विकत घेणारा संग्राहक पुष्कळदा खेळतच नाही. आणि जे खेळले जात नाही त्याच्या उणिवा कोण सांगणार?

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत गंभीर आहे, आणि तो आतला आहे. होमब्रू लेखक शून्यापासून लिहीत नाही. कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या सामायिक आज्ञासंचावर तो उभा राहतो. हा पाया स्वच्छ आहे काय? जेम्स लॅम्बर्ट यांनी ‘पोर्टल’ हा खेळ निन्टेन्डो ६४ या यंत्रावर आणण्याचे मोठे काम चालवले होते. २०२४च्या जानेवारीत मूळ खेळाच्या कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, ते थांबवण्यास सांगितले, कारण ते निन्टेन्डोच्या मालकीच्या आज्ञासंचावर आधारलेले होते. त्याच यंत्रासाठी ‘लिबड्रॅगन’ हा हौशी मंडळींनी स्वतंत्रपणे बांधलेला खुला संच उपलब्ध होता. पुढे २०२५च्या एप्रिलमध्ये वी यंत्राच्या ‘होमब्रू चॅनल’चे काम बंद करण्यात आले. त्यामागील आरोप असा होता की, ‘लिबओजीसी’ या ज्या पायावर ते उभे होते, त्यातील काही भाग निन्टेन्डोच्या साधनांतून आणि काही ‘आरटेम्स’ नावाच्या खुल्या प्रणालीतून, श्रेय न देता घेतलेला आहे. या आरोपावर बराच वाद झाला आणि त्याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण आरोपाचे स्वरूप पाहावे. कंपनीकडून घेणे धोक्याचे होते, हे समजण्याजोगे आहे. खुली प्रणाली मात्र कोणालाही घेता येत होती; मूळ कर्त्यांचे नाव आणि परवाना राखणे, एवढीच तिची अट होती.

अटारीच्या लेखकांनी नाव मिळेना म्हणून गुप्त खोल्या बांधल्या, नोकऱ्या सोडल्या. आणि त्यांचा वारसा सांगणाऱ्या क्षेत्रात दुसऱ्याचे नाव पुसल्याची तक्रार व्हावी, हे आम्हांस कोणत्याही कंपनीच्या कराराहून अधिक लागले. आमच्या मागच्या पिढीतील मंडळींनी हस्तलिखित मासिके चालवली, तेव्हा बाहेरगावच्या नियतकालिकातून उतरवून घेतलेल्या मजकुराखाली मूळ लेखकाचे नाव लिहिण्याचा दंडक कसोशीने पाळला जाई. त्यामागे कायद्याचे भय नव्हते. परप्रांतात चार घरांच्या बळावर भाषा टिकवायची, तर एकमेकांवरचा विश्वासच भांडवल, हे त्यांना कळत होते. होमब्रूचे भांडवलही तेवढेच आहे. त्याच्याजवळ ना न्यायालयाचे बळ आहे ना पैशाचे.

त्या दिवशी संध्याकाळी, दिवे लावलेल्या तुक्कलांनी आकाश भरले असता, आम्ही नातवाच्या खेळावर आमचा अभिप्राय दिला. पतंग चांगले उडतात. वाऱ्याचा झोत बदलला की दोर ताणला जातो, ही कल्पना उत्तम. मात्र पेच लागल्यावर कोण काटणार हे खेळाडूच्या हातात राहत नाही, सारे नशिबावर जाते. हा दोष यंत्राचा नाही, रचनेचा आहे. शिवाय मांजा कुठल्याही खेळातल्या दोरीसारखा वाटतो. आपल्या गच्चीवरच्या मांज्याची धार त्यात नाही. नातू थोडा हिरमुसला. आजवर ज्यांना ज्यांना खेळ दाखवला, त्यांनी “एवढ्या जुन्या यंत्रावर चालतो!” एवढेच म्हटले होते. मग त्याने वही काढून आमचे मुद्दे उतरवून घेतले.

खेळ संपल्यावर पडद्यावर एक यादी येते. तिच्यात त्याचे नाव शेवटी आहे. वर सीसी६५ या कंपायलरचे आणि नेसलिब या आज्ञासंचाचे नाव आहे, आणि यंत्राचे व्याकरण लिहून ठेवणाऱ्या अनामिकांचे आभार आहेत. ती यादी त्याने मराठीत लिहिली आहे. यंत्राला देवनागरी येत नसल्याने एकेक अक्षर त्याने ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटी जोडून स्वतः रेखाटले. जोडाक्षरे अजून नीट वाचता येत नाहीत. पुढच्या उत्तरायणापर्यंत ती सुधारून, पेचाची रचना बदलून खेळ पुन्हा दाखवण्याचे त्याने कबूल केले आहे.